शीतलची गुरुवारची गोष्ट

वनमालाताई परुळेकर शाळेतून रिटायर झाल्या आणि मुलुंडच्या घरी बसून त्यांनी गोष्ट सांगायचा ऑनलाइन क्लास काढला. हौस दांडगी! रोज सकाळी सातला ग्रुपवर एक शब्द पडायचा. त्यावरून मुलांनी, म्हणजे वीस ते साठ वयाच्या मुलांनी, आपल्या आवाजात गोष्ट पाठवायची. त्यातली फक्कड गोष्ट दुपारी चारला क्लासच्या पेजवर, नाव-गावासकट. आणि नियम एकच: गोष्ट खरी की खोटी, कुणी कुणाला विचारायचं नाही. ताईंना या नियमाचा भारी अभिमान.

शीतल भांडुपची, घरच्यांना चोरून क्लासला आलेली. आवाज इतका बारीक की फोन कानाला चिकटवावा लागे. सोमवारचा शब्द होता ‘कुलूप’. तिच्या गोष्टीतल्या बाईला नवरा कामावर जाताना बाहेरून कुलूप घालतो आणि शेजाऱ्यांना सांगतो, हिला झटके येतात. ताईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्यांनी लगेच लिहिलं, “छान गं! पण तपशील दे. किती वाजता, कुठली पिशवी, मदतीला कोण? ऐकणाऱ्याला सगळं दिसलं पाहिजे.”

पोरगी गुणी. बुधवारी शब्द आला ‘सुटका’ आणि तिनं सगळं दिलं. गुरुवारी अकराला शेजारची कमलमावशी तिच्याकडच्या चावीनं दार उघडणार. निळी पिशवी तांदळाच्या डब्यात. साडेबाराची गाडी कुर्ल्याहून, थेट माहेरी. ही गोष्ट मात्र तिनं एकट्या ताईंना पाठवली. खाली लिहिलं होतं, “ताई, फक्त तुमच्यासाठी. बाहेर नको.”

आता तीस वर्षं पोरांना स्टेजवर ढकललेल्या बाईला ‘बाहेर नको’ म्हणजे काय वाटणार? बुजरेपणा! नवा विद्यार्थी नेहमी नकोच म्हणतो आणि नाव झळकलं की फुलतो. चार वाजता गोष्ट पेजवर गेली: ‘शीतल, भांडुप’. संध्याकाळी खाली कुणा मिथुननं लिहिलं, “आमच्या मिसेस इतकं छान बोलतात, माहीतच नव्हतं.” ताईंनी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि वर लिहिलं, “खूप पुढे जाईल ती!” धन्य हो बाई.

गुरुवारी सकाळचा शब्द गेला, शीतलची गोष्ट आली नाही. एक दिवसही कधी चुकली नव्हती ती. साडेदहाला ताईंनी कालची गोष्ट पुन्हा लावली. शेवटी मागे कुलपाचा खटका होता आणि शीतलचं वाक्य तिथंच अर्ध्यात तुटलं होतं. काल त्यांना वाटलं होतं, काय इफेक्ट दिलाय पोरीनं! आज त्यांना कळलं, तो इफेक्ट नव्हता. त्यांनी फोन लावला. वाजला, मग कुणीतरी कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला.

अकरा वाजून दहा मिनिटांनी ग्रुपवर शीतलच्या नंबरवरून आवाज आला. पुरुषाचा, गोड.

“नमस्कार मंडळी. मी मिथुन, शीतलचा नवरा. हिची गोष्ट अर्धी राहिली, शेवट मी सांगतो. बाईनं पिशवी काढली, दाराशी उभी राहिली. अकराला चावी फिरली. पण दारात मावशी नव्हती हो.” तो जरा हसला. “कसा वाटला शेवट, ताई?”

ताईंनी आपल्या नवऱ्याच्या फोनवरून पोलिसांना फोन केला. पलीकडच्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं.

“पत्ता सांगा, गाडी पाठवतो.”

“भांडुप.”

“भांडुपमध्ये कुठं, बाई? केवढं पसरलंय ते! चाळ? बिल्डिंग? स्टेशनजवळ की वर टेकडीवर?”

ताईंना पिशवीचा रंग ठाऊक होता, गाडीची वेळ ठाऊक होती. पत्ता त्यांनी कधी विचारलाच नव्हता. “नंबर द्या, त्यावरून काढतो,” तो माणूस म्हणाला, “पण वेळ लागेल.” नंबर देता देता त्यांनी दुसऱ्या हातानं ग्रुपवर लिहिलं, “ही गोष्ट नाही रे, खरं आहे! शीतल कुठं राहते, कुणाला माहीत आहे? लवकर सांगा!”

पहिलं उत्तर चंद्रप्रकाशचं आलं, घाटकोपरचा. “वा ताई, तुम्हीपण गोष्टीत उतरलात! झकास!” त्याच्याखाली एकेकाच्या टाळ्या पडायला लागल्या.