सत्तावीस दारांचं खेचर

मित्रांनो, आमच्या डोंगरात सगळ्यात हळू कोण चालतं असं विचारलं, तर लोक गोगलगाईचं नाव घेत नाहीत. माझं घेतात. गोगलगाय हळू असली तरी निदान थांबत नाही. मी थांबतो. मी टपालाचं एक जुनं खेचर आहे आणि थांबणं हीच माझी नोकरी आहे.

माझी आई घोडी आणि वडील गाढव. हे मी शिवी म्हणून नाही, वंशावळ म्हणून सांगतोय. आईकडून मला उंची मिळाली आणि वडिलांकडून मतं. मी तीन वर्षांचा असताना टपालकाकांनी मला कामावर घेतलं. माझी मुलाखत झाली नाही. त्यांनी माझे दात पाहिले, मी त्यांची टोपी चावली, आणि आमचं जमलं.

आमच्या डोंगराच्या एकाच उतारावर तीन गावं आहेत. खालचं, मधलं आणि वरचं. मोटार खालच्या गावापर्यंत येते. पुढे दगडी पायऱ्यांची वाट आहे आणि वाटेवर प्रत्येक गावाची नऊ-नऊ दारं उघडतात. एकूण सत्तावीस. मला सत्तावीसपर्यंत मोजता येतं. पुढचे आकडे असतात असं ऐकून आहे.

काकांनी मला एकच नियम शिकवला. दार आलं की थांबायचं. घरातलं माणूस बाहेर येऊन माझ्या पाठीवरच्या टपालाच्या पिशवीत हात घालेल, तेव्हाच निघायचं. पत्र टाकायचं असेल तर हात पत्रासकट, नसेल तर रिकामा. पण हात त्या घरातलाच हवा. म्हणजे एकही दार चुकायचं नाही. सोळा वर्षांत एकही चुकलं नाही. एकदा खालून मोठे साहेब आले, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "असा कर्मचारी पाहिला नाही," आणि काकांच्या हातात प्रशस्तिपत्र ठेवलं. ते मी खाल्लं. माझंच असावं असा माझा समज झाला.

पुढे सगळ्यांकडे फोन आले आणि पत्रं आटली. उरलीसुरली पत्रं खालच्या गावात जीपने येऊ लागली. काका निवृत्त होऊन शहरात मुलाकडे राहायला निघाले. जायच्या दिवशी त्यांनी माझ्या पिशवीत आपला रिकामा हात घातला. नियमाप्रमाणे मी निघालो. ते उलट्या दिशेला गेले. त्या दिवशी मी पहिल्यांदा मागे वळून पाहिलं, आणि नेमका खांबाला धडकलो.

मग काकांच्या लेकीने, म्हणजे ताईंनी, मला कामाला लावलं. मधल्या गावात ताईंचं घर आहे. वरच्या दोन खोल्या त्या पाहुण्यांना देतात. शनिवारी शहरातले लोक दमूनभागून येतात आणि रविवारी परत दमायला जातात. त्यांचं सामान माझ्या पाठीवर असतं. ताई पुढे दोरी धरून चालतात, मागे मी, माझ्यामागे पाहुणे.

आणि मी दारात थांबतो. टपाल बंद झालं हे मला कोणी लेखी कळवलेलं नाही.

सुरुवातीला लोक बाहेर येऊन हसायचे. पण रिकामा हात पिशवीत घालायचा माणसांना संकोच वाटतो. म्हणून ते काहीतरी टाकू लागले. वरच्या बहिणीसाठी चार कांदे. दुरुस्तीला चष्मा. मागच्या वर्षी उसनी आणलेली चाळणी. एकदा मांजरीचं पिल्लू, जे चुकून झोपायला आत गेलं होतं आणि पुढच्या शनिवारी दोन किलोने वाढून घरी परतलं. तिन्ही गावांचा कारभार माझ्या पिशवीतून चालू लागला. पाहुण्यांना मात्र दीड तासाच्या वाटेला पाच तास लागायचे. ताईंच्या लेखी हा माझा निव्वळ हट्ट होता.

"आता आणखी एका पाहुण्याने तक्रार केली ना," ताईंनी मला एका सकाळी बजावलं, "तर सरळ वीटभट्टीवर पाठवीन. बघ मग."

वीटभट्टी मला ऐकून माहीत होती. तिथे दारं नसतात, नुसत्या विटा असतात. थांबायला जागाच नाही. मला रात्रभर चारा गोड लागला नाही. तरी खाल्ला.

आणि त्याच शनिवारी सर आले.

हे सर शहरातल्या एका शाळेत वेळापत्रक लावायचं काम करत. सोबत त्यांच्या बायको होत्या. सरांच्या खिशात या दोन दिवसांचंही वेळापत्रक होतं आणि ते त्यांनी गाडीतून उतरताच मोठ्याने वाचलं. "अकरा पाच, आगमन. अकरा दहा ते अकरा पंचवीस, शांतता. साडेचार ते चार चाळीस, निवांत बसणे."

"आणि श्वास कधी घ्यायचा?" बायकोने विचारलं.

"मध्ये मध्ये जागा ठेवली आहे," सर म्हणाले. ते खरंच बोलत होते.

पहिलंच दार सुताराचं. मी थांबलो. सुतारकाका रंधा बाजूला ठेवून बाहेर आले, मला पाहिलं, आत गेले आणि आलेच नाहीत. सर वैतागून आत डोकावले. आत टेबलावर बुद्धिबळाचा पट मांडलेला होता आणि काका गालावर हात ठेवून बसले होते. गेली चार वर्षं ते वरच्या गावातल्या पाववाल्याशी एकच डाव खेळत होते. शनिवारी यांची चाल चिठ्ठीवर लिहून माझ्या पिशवीतून वर जाणार, रविवारी त्याची खाली येणार. पन्नास मिनिटांनी काकांनी चिठ्ठी लिहिली, 'उंट दोन घरं मागे', आणि पिशवीत टाकली.

सरांनी पट पाहिला होता. बुद्धिबळ ते शाळेत शिकवतही असत. "अहो, समोर त्यांचा वजीर उघडा पडलाय!" ते म्हणाले.

"असेल," म्हणाले काका, आणि पुन्हा रंधा मारू लागले.

मित्रांनो, त्या दिवशी मी नोकरी वाचवण्यासाठी एक दार सोडून पाहिलं. डोळे मिटून पुढे गेलो. लगेच त्या घरातली आजी हातात झारा घेऊन मागे धावली. "काय रे गाढवाच्या, माझं दार दिसलं नाही होय?" वडिलांचा उल्लेख झाल्यावर मला परत फिरावंच लागलं.

आम्ही संध्याकाळी पोचलो. सरांची शांतता, सूर्यास्त आणि निवांत बसणे, तिन्ही वाटेतच वाया गेली होती. त्यांनी ताईंना स्पष्ट सांगितलं, "सामान ठीक आहे, खोली छान आहे, पण हे खेचर म्हणजे शिक्षा आहे."

ताईंनी मान डोलावली आणि वीटभट्टीवाल्याला फोन लावला. "उद्या वरची फेरी झाली की घेऊन जा. शब्द दिला."

मी गोठ्यातून सगळं ऐकलं. माझे कान वडिलांवर गेलेत.

रविवारी सकाळी सर आणि बायको माझ्याबरोबर वरच्या गावाला निघाले. ताईंना घरची कामं होती आणि वाट मला पाठ होती. चौथ्या दारात मी थांबलो असताना, काही सुचेना म्हणून सरांनी पिशवीतून सुतारकाकांची चिठ्ठी काढली. त्यांना राहवेना. त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं, 'उंट दोन घरं मागे' खोडलं आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'उंटाने वजीर मारला'. शिक्षकाच्या हाताला चूक दिसली की पेन आपोआप चालतं, त्याला ते काय करणार!

पाववाल्याच्या दारात पोचलो. पाववाल्याने पिठाचे हात पुसले, चिठ्ठी वाचली आणि तो पोत्यावर मटकन बसला.

"याने माझा वजीर मारला?" तो म्हणाला. "बरा आहे ना सुतार? आजारी नाही ना?"

"अगदी ठणठणीत आहेत," सर म्हणाले. "चाल उत्तम आहे."

"उत्तम कसली! चार वर्षं तो वजीर तिथे उघडा उभाय. चार वर्षं त्याला दिसतोय. चार वर्षं तो आपला उंट मागे घेतो, पुढे घेतो."

"आणि तुम्ही?"

"मी हत्ती डावीकडे नेतो. मग उजवीकडे आणतो."

"पण मग डाव संपणार कधी?"

पाववाल्याने सरांकडे असं पाहिलं, जसं मी बंद दाराकडे पाहतो. "संपवायचाय कुणाला? दोघांचे गुडघे गेले. मला उतरवत नाही, त्याला चढवत नाही. फोनवर तो 'हं' म्हणतो, मी 'हं' म्हणतो, की झालं. चिठ्ठी आली की कळतं, गडी आहे. बसलाय. विचार करतोय."

सरांनी खिशातलं लाल पेन काढून पाववाल्यासमोर ठेवलं, जसं पकडलेला मुलगा कॉपीचा कागद ठेवतो.

बायको म्हणाल्या, "सांगा आता. अकरा वीस, कबुली."

पाववाला आधी रागावला, मग हसत सुटला. त्याने नवी चिठ्ठी लिहिली: 'वजीर परत ठेव. एका मास्तरचा हात लागला. माझा हत्ती डावीकडे.' चिठ्ठी पिशवीत टाकून तो माझ्या मानेवर थोपटत म्हणाला, "हे आहे म्हणून डाव आहे."

तेवढ्यात पायऱ्यांवरून धापा टाकत एक दणकट माणूस वर आला. "ताईंचं खेचर हेच का? मी वीटभट्टीवाला. खाली थांबायला सांगितलं होतं, पण मला थांबायची सवय नाही."

सरांचा चेहरा पांढरा पडला. पाववाल्यापेक्षाही पांढरा, आणि त्याच्या तोंडाला तर मैदा लागलेला होता. "अहो, माझी तक्रार मी मागे घेतो!" ते म्हणाले. पण वीटभट्टीवाल्याने तक्रार ऐकलीच नव्हती, त्याने फक्त शब्द ऐकला होता. त्याने दोरी हातात घेतली आणि ओढली.

मी निघालो. दहा पावलांवर पुढचं दार आलं. मी थांबलो.

त्याने ओढलं, ढकललं, मला समजावलं, शेवटी माझ्या आईबद्दल काही बोलला. ती घोडी होती, त्यामुळे मला काही वाटलं नाही. सर मागून नम्रपणे म्हणाले, "घरातल्यांना हाक मारावी लागेल. आणि मघाशी पाववाल्याच्या शेजारचं ते निळं दार आपण जरा घाईतच उरकलं. परत जाऊ या का?"

तिसऱ्या दारात वीटभट्टीवाल्याच्या काखेत भोपळा आला, कारण पिशवीत मावत नव्हता. "मधल्या गावात माझ्या मावशीला दे. आणि विचार, पाय कसाय म्हणून." पाचव्या दारात त्याला स्टूल मिळालं. सातव्या दारात त्याची दाढ दुखते हे निघालं आणि लवंग मिळाली. आठव्या दारातल्या आजोबांनी त्याला आपल्या लग्नाची हकिगत सांगितली, आणि मुख्य म्हणजे ती मधूनच सुरू केली. मावशीच्या दारात भोपळा पोचवताना तो ओरडला, "आणि पाय कसाय?" मग आपण हे का विचारलं, याचंच त्याला नवल वाटलं.

आणि मग ताईंचं दार आलं.

त्या दारात मी पूर्वी कधी थांबलो नव्हतो. टपालकाका असताना ते त्यांचंच घर होतं. पोचल्यावर सुट्टीच व्हायची. नंतर ताईच पुढे असायच्या. पण आज दोरी परक्याच्या हातात होती. म्हणजे हेही एक दार झालं. मी थांबलो.

"ताई!" वीटभट्टीवाला रडकुंडीला आला होता. "घाला हात पिशवीत आणि सोडवा मला."

ताई कणीक मळता मळता बाहेर आल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. मी सगळ्यांकडे तसंच पाहतो, पण हे त्यांना माहीत नव्हतं. सात वर्षं त्या दोरी धरून माझ्यापुढे चालल्या होत्या. ओढणाऱ्याला मागचं तोंड दिसत नाही. त्या माझ्याजवळ आल्या. मग पिशवीत वाकून बघत त्यांनी हळूच विचारलं, "हे माझ्याकडून काहीतरी न्यायला थांबलंय?"

"टपाल आहे ते," सर म्हणाले. "थांबणारच."

ताईंनी हात पुढे केला. एकदा का तो पिशवीत गेला असता, की मी निघालो असतो, थेट भट्टीपर्यंत. नियम म्हणजे नियम. हात वीतभर अंतरावर आला आणि थांबला.

"अगंबाई," ताई म्हणाल्या, "हात पिठाचे आहेत. धुऊन येते."

त्या आत गेल्या. आतून कणीक मळण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. अर्ध्या तासाने सरांच्या बायको मदतीला गेल्या, तर त्यांचेही हात पिठाचे झाले.

"ताई, धुतले का हात?"

"धुवायलाच घेतलेत!"

खाली चारची गाडी भोंगा वाजवून गेली. सरांनी घड्याळात पाहिलं नाही. पायरीवर बसून ते समोरचा डोंगर बघत होते, कुठलीही वेळ न ठरवता.

शेवटी वीटभट्टीवाल्याने दोरी सरांच्या मांडीवर टाकली. "तुम्ही शब्द दिला होता, ताई!"

"दिलाय की," ताई आतून म्हणाल्या. "मी कुठे नाही म्हणते? हात कोरडे झाले की लगेच."

या गोष्टीला दोन वर्षं झाली. ते हात अजून कोरडे झालेले नाहीत.

त्या दिवशी वीटभट्टीवाला रिकाम्या हाताने गेल्यावर ताई बाहेर आल्या आणि पिठाच्याच हाताने त्यांनी पिशवीत शहरातल्या वडिलांसाठी चार ओळींची चिठ्ठी टाकली. मी निघालो. सुतारकाकांनी पाववाल्याची चिठ्ठी तीनदा वाचली, वजीर उचलून नीट जागेवर ठेवला, म्हणजे तो होता तिथेच, आणि सरांना म्हणाले, "बसा. पुढची चाल अवघड आहे." सर दोन दिवस जास्त राहिले. शाळेचं काय झालं मला माहीत नाही, पण मुलं खूश असणार.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणी हळू चालणारं असेल. एखादं माणूस, एखादं जनावर, एखादी करकरणारी खुर्ची. ते आपल्याला अडवतं असं वाटलं, की त्याला काढून टाकण्याआधी एकदा दोरी सोडा, मागे वळा आणि त्याच्या समोर उभे राहून बघा, ते कुणासाठी थांबलंय. फक्त समोरूनच बघा. मागून गेलात तर आम्ही लाथ मारतो.