जूनपर्यंत पुण्यात

रागिणीनं बाकाखाली गुडघे घालून पाहिले. ते मावेनात, तेव्हा पाय एका बाजूला काढून ती तिरकी बसली. ते बाक शिपाईण सहावीच्या वर्गातून उचलून घेऊन आली होती. चौदा वर्षांच्या मुलीसाठी ते नव्हतंच.

टेबलापलीकडे मोठ्या बहनजी, म्हणजे मुख्याध्यापिका मिसेस ग्रेवाल, गणिताचा कागद तपासत होत्या. तिची आई शैलजाबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. खिडकीबाहेर तुतीखालची फरशी जांभळी झाली होती आणि मुली चपला पुसत वर्गात शिरत होत्या. चंडीगडची बाकीची झाडं तेव्हा अजून माणसाच्या उंचीचीच होती. गावच नवं होतं. सगळेच कुठून कुठून आलेले.

"हिसाब अच्छा है," बहनजी म्हणाल्या. "किसने सिखाया?"

"मैंने," शैलजाबाई म्हणाल्या. "मराठी में."

"हिंदी भी पढ़ लेती है. पंजाबी?"

"नहीं आती."

"और साढ़े चार साल स्कूल नहीं गई. सर्टिफिकेट कोई नहीं." बहनजींनी चष्मा काढला. "बहनजी, मैं इसको छठी में बिठा सकती हूं. उससे ऊपर किस आधार पे बिठाऊं?"

सहावीत अकरा वर्षांच्या मुली होत्या. शेजारची जसबीर रागिणीहून दोन वर्षांनी लहान, ती परवाच सातवीत गेली. तिनं पेढे आणून दिले, रागिणीनं ते घेतले आणि दिवसभर ती कोणाशी बोलली नाही. त्या दिवशी शैलजाबाईंनी नवऱ्याला न विचारता इथं यायचं ठरवलं होतं.

साडेचार वर्षं कशी गेली हे हिंदीत सांगणं कठीण होतं. मराठीतही सोपं नव्हतं. रागिणीच्या वडिलांची, दिगंबर टिपणीसांची, चंडीगडला बदली झाली तो नोव्हेंबर होता. इथल्या शाळा एप्रिलला सुरू होतात, पुण्याच्या जूनला. एप्रिल आला की टिपणीस म्हणायचे, "जूनपर्यंत आपण पुण्यात. दोन महिन्यांसाठी गुरुमुखी कशाला शिकवायची पोरीला?" जून यायचा, ऑर्डर यायची नाही, आणि तोवर इथले प्रवेश बंद झालेले असायचे. मग पुन्हा एप्रिल. शैलजाबाईंचा भाऊ दरवर्षी पुण्याहून पुस्तकांचं पार्सल पाठवी. स्वयंपाक उरकला की त्या मुलीला घेऊन बसत. इंग्रजी मात्र रविवारी सकाळी टिपणीस स्वतः शिकवत. ऑफिसात त्यांच्या पत्रांच्या ड्राफ्टिंगचं नाव होतं.

पुण्याला जायचंच म्हणून त्यांनी कापसाच्या रजयाही भरून घेतल्या नाहीत. पाच हिवाळे तिघांनी सोलापुरी चादरी एकावर एक घालून काढले. रागिणीच्या बोटांना डिसेंबरात सूज यायची आणि ती त्याच बोटांनी शुद्धलेखन लिहायची.

"बहनजी, बदली आज होगी, कल होगी, ऐसा था," शैलजाबाई म्हणाल्या. "हर साल."

"सबकी होती है बदली. यहां आधा स्कूल बदलीवालों का है," मिसेस ग्रेवाल म्हणाल्या, पण आवाज मऊ होता. त्यांनी एक कोरा कागद रागिणीपुढे सरकवला. "अंग्रेज़ी में कुछ लिख बेटा. लेटर, ऐसे, जो आता है."

रागिणीनं आईकडे पाहिलं. मग ती लिहायला लागली. मध्ये कुठे थांबली नाही, खोडलं नाही, वर पाहिलं नाही. समास सोडून, पत्ता डावीकडे घेऊन, तिरक्या लांबट अक्षरात तिनं पाऊण पान भरलं. शैलजाबाईंना वाटलं, मॅट्रिकपर्यंत आपलंही इंग्रजी होतं, पण असं सरळ ओळीत कधी उतरलं नाही. एवढं तरी टिपणीसांनी पोरीला दिलं.

बहनजी कागद वाचू लागल्या. अर्ध्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि मग त्या हसल्या.

"ये तो पूरी दफ़्तर की अर्ज़ी है. आय बेग टू स्टेट. हमारे क्लर्क से नहीं बनती ऐसी." त्यांनी कागद शैलजाबाईंसमोर धरला, मग आपणच हिंदीत सांगू लागल्या. "लिखा है, मेरी पूना की बदली का हुक्म आया है, मेहरबानी करके कैंसल किया जाए, घर के हालात की वजह से मुझे चंडीगढ़ में ही रहने दिया जाए. नीचे डी. के. टिपणीस. आपके हज़बंड?"

"हां."

"पूना तो आपका घर है ना? इतना पसंद आ गया चंडीगढ़?"

शैलजाबाईंनी पदर सारखा केला. पंखा एका लयीत कुरकुरत होता.

"हां जी," त्या म्हणाल्या. "पसंद है."

मिसेस ग्रेवाल लाल पेन्सिलीनं काहीतरी लिहीत होत्या. "ऐसी अंग्रेज़ी वाली लड़की को छठी में बिठाऊंगी तो टीचर मुझ पे हंसेगी. आठवीं में ले लेती हूं. पंजाबी की अलग क्लास करनी पड़ेगी. फ़ॉर्म पे पिताजी के साइन, परसों तक." आणि रागिणीला म्हणाल्या, "पापाजी को थैंक्यू बोलना."

रस्त्यावर ऊन होतं. रिक्षा मिळत होती, तरी दोघी चालत निघाल्या. सेक्टरची अर्धी लांबी झाल्यावर शैलजाबाईंनी विचारलं,

"किती वेळा?"

"तीन."

"कधीपासून?"

"दुसऱ्या वर्षीपासून. एका रविवारी बाबांनी सांगितलं, मी लिहिलं. म्हणाले, टाइप करून पाठवण्यापेक्षा हातानं लिहिलेलं साहेबांना बरं वाटतं. तुझं अक्षरही सुधारेल." रागिणी चालता चालता दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत होती. "मग मला पाठच झालं. नंतर ते नुसती तारीख सांगायचे."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"बाबा म्हणाले, आईला वाईट वाटेल." थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "तू मामाला पत्रं लिहायचीस ना, जूनमध्ये येतो म्हणून. मी पेटीत टाकायला जायचे ती."

"मग आज का लिहिलंस?"

"त्या म्हणाल्या, जो आता है." रागिणीनं हिंदीतच सांगितलं. "मुझे यही आता है."

पुण्यात थोरल्या दिरांच्या घरी दोन खोल्या त्यांच्या वाट्याला येणार होत्या. ऑफिसात टिपणीस दहांतले एक झाले असते. इथे पुढे हिरवळ असलेलं सरकारी क्वार्टर होतं आणि महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत त्यांच्याखेरीज आरती सुरू होत नव्हती. हे सगळं शैलजाबाईंना माहीत होतं. ते त्यांनी कधी एका ओळीत मांडून पाहिलं नव्हतं, एवढंच.

संध्याकाळी टिपणीसांनी सायकल भिंतीला लावली, हातपाय धुतले आणि ते चहाला बसले. आतल्या खोलीत रागिणी पुस्तकांना कव्हरं घालत होती. शैलजाबाईंनी शाळेचं सांगितलं. कप बशीवर ठेवायचा राहिला.

"कोणाला विचारून गेलीस?"

"कोणालाच नाही."

"अगं, काय केलंस हे? आठवीत घालून जूनमध्ये काढायची का तिला? या खेपेला दिल्लीहून पक्की बातमी आहे. श्यामसुंदर स्वतः सांगत होता, हेड ऑफिसात यादी तयार आहे. मेअखेर ऑर्डर हातात."

"येईल की."

"मग? पोरीच्या जिवाशी खेळ कशाला?"

शैलजाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्या उठल्या, फळीवरून दोन कागद आणले आणि कप बाजूला सरकवून त्यांच्यापुढे ठेवले. वर शाळेचा फॉर्म होता. खालचा कागद शाळेतून परत आणलेला, लांबट तिरक्या अक्षरात लिहिलेला होता.

"दोन सह्या हव्यात," त्या म्हणाल्या. "तिला मॅट्रिक होईपर्यंत आता कुठे हलवायची नाही."

टिपणीसांनी फॉर्म उचलला आणि त्यांना खालचा कागद दिसला. ते पहिल्या दोन ओळींपलीकडे वाचत गेले नाहीत. आतल्या खोलीतला कागदांचा आवाज थांबला होता.

"शैला, हे असं आहे..."

"चहा घ्या, निवतोय." शैलजाबाईंनी स्टोव्ह बारीक केला. "तारीख तेवढी रिकामी सोडलीय. ती तुम्ही सांगता म्हणे."

त्यांनी खिशातलं पेन काढलं. टोपण निघायला बराच वेळ लागला.