स्वरूपाचा थेंब

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो. सुप्याजवळच्या एका वस्तीवर चौथीपर्यंतची शाळा आहे. तिथल्या कपाटात, खडूंच्या खोक्यामागे मी उभा असतो. नाव भारदस्त, काम मात्र डोळा मिटून बसण्याचे.

आधीच्या शिक्षिका जयवंताबाईंनी मला बारामतीहून एसटीने मांडीवर घेऊन आणले. त्यांच्या काळात मला सवड नसे. कांद्याचा पापुद्रा, डासाचा पंख, ज्वारीवरची मावा कीड, काय काय माझ्याखाली येई, आणि मुले रांग मोडून ढकलाढकली करत. बाई पदराने माझे भिंग पुसायच्या. मग त्यांची बदली झाली आणि दादासाहेब गुरुजी आले. माणूस मनाने चांगला, पण माझ्या बाबतीत भित्रा. फुटलो तर दुसरा मिळणार नाही, म्हणून त्यांनी मला कुलपात घातले. खंडेनवमीला तेवढे पूजेसाठी बाहेर काढत.

यंदा पूजेचा मान चौथीतल्या स्वरूपाला मिळाला. तिच्या घरी मेंढरे आहेत. तळ्याचे पाणी पिऊन दोन कोकरे दगावली, असे तिचा आजा सोनबा म्हणे. त्या पाण्यात काय असते, ते तिला माझ्यातून बघायचे होते. तिने कुंकू कालवले आणि बोट भरून नेमके माझ्या वरच्या भिंगावर टेकवले. किती मायेने टेकवले! पण माझा डोळाच झाकला गेला, हे सांगायला मला तोंड नव्हते.

दिवाळीनंतर ती औषधाच्या बाटलीत तळ्याचे पाणी घेऊन आली. आठ दिवस मागे लागली, तेव्हा गुरुजींनी कपाट उघडले. थेंब काचेवर पडला. खालच्या भिंगातून मला सगळे दिसत होते, मित्रांनो. इवले जीव गरगर फिरत होते. वर मात्र कुंकू वाळून घट्ट बसले होते.

"गुरुजी, नुसतं लाल-काळं दिसतंय," म्हणत तिने भिंग पुसायला रुमालाचे टोक पुढे केले.

"हात लावू नगं, फुटंल. जुनं हाय, भिंग गेलं असंल त्याचं."

तिने बाटली दारातल्या जास्वंदीला ओतली. त्यानंतर तिने पाण्याबद्दल काही विचारल्याचे मी ऐकले नाही.

उन्हाळ्यानंतर ती पाचवीला सुप्याच्या शाळेत जाईल. माझे भिंग शाबूत आहे, हे तिला कोण सांगणार? मित्रांनो, तुमच्याही शाळेत माझा एखादा भाऊबंद कुलपात असेल. त्याला जपायचे असेल तर हाताळा. आणि कुणी इकडे आलात, तर मऊ फडक्याने माझा डोळा तेवढा पुसा. तिचा थेंब काचेवर वाळून गेला आहे.