ब्रेकचा पाय

“मेलंय हे पेडल,” मास्तर म्हणाले आणि खुर्चीत तसेच बसून राहिले. समोरच्या पडद्यावर त्यांची गाडी वाळूत आडवी होऊन पडली होती आणि बाकीच्या अकरा गाड्या तिच्या बाजूने एकामागून एक सूं सूं करत निघून जात होत्या.

बायको दारात उभी राहून चादरीची घडी घालत होती. “मग दुसरं आणा.”

“दुसरंच आहे हे. चार महिने नाही झाले आणून.”

“मग जुनं लावा परत.”

“लावून पाहिलं. तेही असंच करतं.”

“म्हणजे दोन्ही एकदमच मेली?”

मास्तरांनी तिच्याकडे असं काही पाहिलं, की तिने चादर काखेत मारली आणि ती आत गेली. जुनं झिजून मेलं आणि नवं मुळातच मेलेलं आलं, असा त्यांचा हिशेब होता, आणि त्यांच्या मते त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं.

मास्तर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत. एकतीस वर्षं ते शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर बसत आले होते, जिथे स्टीअरिंग नसतं, अ‍ॅक्सिलरेटर नसतो, असतो तो फक्त एक जादा ब्रेक. आयुष्यभर स्टीअरिंगवाचून बसलेल्या या माणसाने बंद केलेल्या बाल्कनीत स्वतःची रेसगाडी उभी केली होती. मोडीत निघालेल्या गाडीची सीट, लोखंडी सांगाडा, मोटर लावलेलं स्टीअरिंग, तीन पेडलं आणि समोर पडदा. संध्याकाळी कामावरून आलं, की चहा घेऊन ते तिथे बसत आणि चार देशांतल्या अनोळखी लोकांशी शर्यत लावत. खऱ्या शर्यतीही सगळ्या बघत, आणि बघताना गप्प बसणं त्यांना जमत नसे. “उशिरा ब्रेक मारला म्हणून टाळ्या कसल्या वाजवता?” ते टीव्हीला विचारत. “दाबता कुणालाही येतो. वळणात शिरताना हळूहळू सोडता येतो का, ते बघा!”

हे मत ते शर्यतवेड्यांच्या ऑनलाइन गटातही लिहीत. त्या गटात दोन-अडीच हजार माणसं होती आणि मास्तरांचा शब्द तिथे चालायचा. नवखा कुणी भारीतलं स्टीअरिंग घेऊन आला, की मास्तर त्याची हजेरी घेत. आधी पेडल घे, स्टीअरिंग नंतर. तेही पाय किती खाली गेला ते मोजणारं नको, पायाने किती जोर लावला ते मोजणारं घे. लांबी डोळ्याला कळते, जोर पायालाच कळतो. बूट पातळ तळव्याचे घाल. आणि ब्रेक डाव्या पायाने मार. शाळेत शिकणाऱ्यांना ते डावा पाय ब्रेकजवळ फिरकूसुद्धा देत नसत. पण घरच्या खुर्चीत आणि शाळेच्या गाडीतल्या जादा ब्रेकवर त्यांचा स्वतःचा डावाच पाय असे.

अशी जोर मोजणारी पेडलं गटातला एक माणूस घरामागच्या शेडमध्ये लेथ मशीनवर एकट्याने बनवायचा. सगळे त्याला लेथवाला म्हणत. दूरच्या शहरात राहायचा. मास्तरांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्याचं पहिलं पेडल मास्तरांनीच नावाजलं होतं, आणि त्यावरच त्याचं नाव झालं होतं. आता त्यानेच बनवलेलं हे नवं पेडल मास्तरांना रोज वाळूत घालत होतं. चाकं जाम व्हायची, नाहीतर ब्रेक लागायचाच नाही. अधलंमधलं काही नाही.

त्या रविवारी त्यांनी पेडल उघडून पाहिलं, परत जोडलं आणि लिहायला बसले. लिखाण झकास जमलं. ‘या पेडलवर पाय ठेवणं म्हणजे झोपलेल्या माणसाशी गप्पा मारणं,’ असं त्यात एक वाक्य होतं. लोक हसले, एकमेकांना पाठवत सुटले. लेथवाल्याने एवढंच लिहिलं, “मास्तर, परत पाठवा. तपासतो.” त्याने तपासलं आणि आठवड्याभरात परत धाडलं. सोबत एक कागद होता, पाच किलोपासून साठ किलोपर्यंत जोर लावून घेतलेल्या मापांचा. सगळी मापं बरोबर. मास्तरांनी त्यावरही लिहिलं. “कागद दाबून गाडी थांबत नाही. एकतीस वर्षं याच पायाच्या भरवशावर माणसं धडधाकट घरी गेली आहेत. माझा पाय खोटं बोलत नाही.”

परत आलेलं पेडल त्यांनी नंतरच्या रविवारी पुन्हा एकदा उघडलं. जोडताना एक बारीक स्क्रू कमी पडला. त्यांनी बॅटरी घेऊन बाल्कनीची फरशी धुंडाळली, सापडला नाही, तेव्हा दुसरा बसवला.

बुधवारी सकाळी गाडीवर सिस्टर होत्या. सरकारी दवाखान्यातल्या नर्स. वय पन्नाशीला आलेलं, नवरा गेल्यावर त्याची दारात उभी असलेली गाडी स्वतः चालवायची असं ठरवून शिकायला आलेल्या. हात घट्ट, मान ताठ, पण डोकं थंड. मास्तरांना त्या आवडायच्या, कारण त्या सॉरी म्हणत नसत.

पाण्याच्या टाकीकडून खाली येणारा उतार होता. अर्ध्यावर आल्या आणि डाव्या गल्लीतून एक टेम्पो पाठमोरा रस्त्यात आला.

“ब्रेक,” मास्तर म्हणाले आणि नेहमीसारखा आपलाही दाबला.

गाडी तशीच चालली. त्यांनी आणखी जोर लावला. टेम्पोची फळी काचेत मोठी होत गेली. “अहो, ब्रेक!” ते ओरडले, आणि सिस्टरनी दोन्ही हातांनी स्टीअरिंगला धरून उजवा पाय खाली रोवला. गाडी नाक घासल्यासारखी थांबली. मध्ये वीतभर जागा उरली होती.

टेम्पोवाला हात हलवून निघून गेला. सिस्टरनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि त्या मास्तरांकडे वळल्या.

“सर, तुम्ही का नाही मारलात?”

“मारला की.”

“नाही मारलात.”

“अहो, पाय मोडेल इतका दाबला—” म्हणत मास्तरांनी खाली पाहिलं. त्यांचा पाय पेडलवर नव्हताच. पेडलच्या बाजूला, गाडीच्या पत्र्यावर टेकलेला होता आणि अजूनही पत्रा दाबत होता.

सिस्टरही खालीच बघत होत्या. “बुटाला काय लागलंय ते?”

“चिखल असेल.”

“चिखल असा नसतो. काढा बूट.”

“सिस्टर, आपला अर्धा तास—”

“काढा म्हणते ना.”

त्या उतरून त्यांच्या बाजूला आल्या, दार उघडलं आणि रस्त्याच्या कडेला उकिडव्या बसल्या. मोजा रक्ताने तळव्याला चिकटून वाळला होता. बूट उलटा केला तसा त्यातून एक बारीक काळा स्क्रू पडला. मास्तरांनी तो ओळखला. रविवारपासून—नाही, सोमवारपासून ते त्यावर चालत होते. जिने चढले होते, संध्याकाळी त्याच पायाने ब्रेक मारले होते.

“दुखलं नाही?”

“नाही.”

“डोळे मिटा. कुठल्या बोटाला हात लावलाय, सांगा.”

मास्तरांनी डोळे मिटले. रस्त्यावरून एक स्कूटर गेली. कुणीतरी दुकानाचं शटर वर सारलं. सिस्टर काही बोलेनात.

“लावा तर आधी,” मास्तर म्हणाले.

मग त्यांनी डोळे उघडले. सिस्टरच्या दोन बोटांच्या चिमटीत त्यांचा अंगठा होता आणि नख पांढरं पडेपर्यंत त्या दाबत होत्या.

डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही. साखर बारा वर्षांपासून होती. गोळ्या मास्तर आठवतील तशा घेत होते. पायाच्या शिरांमधलं कळणं आतून मरत गेलं होतं, डाव्यात जास्त, उजव्यातही सुरू झालं होतं. गेलेलं परत येत नाही, डॉक्टर म्हणाले, उरलेलं जपा. रोज कुणीतरी तळवे बघत जा.

“आणि गाडी?” मास्तरांनी विचारलं.

डॉक्टर लिहीत होते. “तुम्हीच सांगा,” ते मान वर न करता म्हणाले.

स्कूलच्या मालकांना त्यांनी स्वतःच जाऊन सांगितलं. सिस्टर बोलणार नव्हत्या. तसं त्यांनी वचन दिलं होतं. मालक म्हणाले, जरा विश्रांती घ्या, बघू. मास्तर म्हणाले, “बघायचं काही नाही. वीतभर उरलं होतं.”

गटावरचं लिहायला त्यांना चार दिवस लागले. पहिली टीका बसल्या बैठकीत लिहून झाली होती. ही कबुली सहा ओळींची होती. पेडलात दोष नव्हता. माझ्या पायाची जाणीव गेली आहे आणि ते मला कळलं नव्हतं. लेथवाल्यांवर मी जे लिहिलं ते खोटं होतं, मी ते मागे घेतो. तेरा जणांनी काळजी घ्या म्हटलं. जुनं, हसवणारं लिखाण तेव्हाही कुणीतरी कुणाला तरी पाठवतच होतं.

मग त्यांनी फोन लावला. पलीकडून आलेला आवाज त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा खूप वयस्कर होता.

“वाचलं मी,” लेथवाला म्हणाला. “पाय कसा आहे?”

“पायाचं सोडा. तुम्ही तेच पेडल अजून चार जणांना द्या, मी सगळ्यांना सांगतो. एकेकाला फोन करून सांगतो.”

“पेडलं बंद केली, मास्तर. बिजागऱ्या करतो आता. फाटकांच्या.”

“माझ्यामुळे?”

पलीकडे घुमणारा लेथचा आवाज बंद झाला.

“लोक थांबले, ते तर झालंच. पण त्याचं नाही एवढं. तुम्ही लिहिलंत ना, झोपलेल्या माणसाशी गप्पा म्हणून. मी रोज बनवलेल्या पेडलवर पाय ठेवून बघायला लागलो. मापं बरोबर यायची. पण मलाच ते काही सापडेना. आधी सापडायचं. पाय ठेवला की कळायचं, झालं म्हणून.”

“अहो, पण पेडल चांगलं होतं! चूक माझी होती!”

“हो, आता कळलं ते,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि मास्तरांना तो असता तर बरं वाटलं असतं. “पण आता हात बसत नाही. बिजागरीला तसं काही लागत नाही. पायाला जपा.”

बाल्कनीतली खुर्ची तशीच राहिली. उजेड तिथे चांगला येतो म्हणून सकाळी बायको मास्तरांना तिच्यात बसवून खाली पाटावर बसायची आणि त्यांचे तळवे उलटसुलट करून बघायची, बोटांच्या बेचक्यांसकट. ती कुठे हात लावते ते मास्तरांना बघूनच कळत असे, म्हणून पहिले काही दिवस ते बघत. पुढे त्यांनी बघणं सोडलं. “झालं,” ती म्हणाली, की मोजे चढवत.

महिन्याभराने मालकांनी त्यांना वर्गातलं काम दिलं. भिंतीवर खुणांचा तक्ता, पुढे आठ-दहा खुर्च्या, आणि मास्तरांच्या हातात छडी. पुढे वळण आहे. पुढे शाळा आहे. पुढे रस्ता अरुंद होतो. पूर्वी शिकणारी माणसं त्यांना गाडीत भेटत. आता ती इथून उठून गाडीत जात.

त्या दुपारी खिडकीखाली गाडी सुरू झाली. चालवायला सिस्टर होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांची परीक्षा होती. शेजारी नवा मास्तर बसला होता, तरणाबांड, गॉगल लावलेला. गाडी फाटकापर्यंत गेली, तिथे जरा आधीच ब्रेक लागला, मग तो सावकाश सुटत गेला आणि गाडी झटका न देता रस्त्याला लागली. मास्तरांची छडी तक्त्यावर तशीच थांबली होती.

पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी हात वर केला. वहीत सगळ्या खुणा नीट काढून घेतल्या होत्या त्यांनी.

“सर, ब्रेक नक्की किती दाबायचा असतो?”

मास्तरांनी तोंड उघडलं. वर्गातले सगळे पेन सरसावून त्यांच्याकडे बघत होते.

“ते गाडीत सांगतील,” ते म्हणाले, आणि छडी पुढच्या खुणेवर नेली.