खटक्यात ठिणगी पडेना

आमच्या कारखान्यात शेवटचा शब्द आईचा आणि शेवटचा जोडही तिचाच. कारखाना म्हणजे दोन खोल्या. पुढे मी लोखंड कापतो, मागे आई तांब्याच्या कॉइल गुंडाळते. त्यांची टोकं डाख देऊन जोडायची ती फक्त तिनेच. माझ्या बायकोला त्या टेबलाशी बसायची फार हौस, पण ती पडली डावखुरी. "डाव्या हाताचं काम माझ्या टेबलावर नको," म्हणून आईने तिला खोकी भरायला बसवलं होतं.

मग भंगारवाल्याने मोठा विजेचा चुंबक मागितला. एकाच लोखंडी गाभ्यावर दोन कॉइल, आणि घाई तर अशी की आईला एकटीला जमणं शक्य नव्हतं. ती नाइलाजाने सुनेला म्हणाली, "एक मी गुंडाळते, एक तू. चुंबकाने लोखंड उचललं तर टेबल तुझंही. नाहीतर पुन्हा खोकी." दोघी समोरासमोर बसल्या. मी मध्ये तोंड घातलं नाही. मला दोन्ही वेळेला घरीच जेवायचं असतं.

भंगारवाला आला. आईने जोड दिला, मी खटका टाकला. मीटरचा काटा हवा तिथे गेला, म्हणजे वीज नीट वाहत होती. पण चुंबकाला साधा खिळा चिकटेना. कॉइल मात्र मजेत तापत होत्या.

"तरी मी सांगत होते," आई म्हणाली. मी खटका बंद केला. बायकोचा चेहरा एवढासा झाला.

ती मात्र खटक्याकडेच बघत होती. "अरे, परत टाक. आता बंद कर. पुन्हा."

मी खटका टाकत, बंद करत राहिलो. भंगारवाला गालातल्या गालात हसला.

"आई, ठिणगी कुठाय?" बायकोने विचारलं.

आई थबकली. कॉइलमधून वीज गेली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि ऊर्जा त्या क्षेत्रात साठते. वीज तोडली की क्षेत्र मिटतं आणि ती ऊर्जा खटक्यात ठिणगी होऊन बाहेर पडते. आज ठिणगी नव्हती, म्हणजे क्षेत्रच नव्हतं.

"वीज आहे आणि क्षेत्र नाही? असं कसं?" मी विचारलं.

"दोन क्षेत्रं एकमेकांना खात असतील तर होईल की! आईंचे वेढे उजव्या हाताचे, माझे डाव्या. म्हणजे उलटे. आणि जोड दिला नेहमीसारखाच, दोन्हीचे वेढे एकाच दिशेचे धरून."

आईने दोन्ही कॉइलवरून बोट फिरवून पाहिलं आणि ती खो खो हसत सुटली. "म्हणजे आत सासू-सुनेचं भांडण चाललंय! एकीची टोकं अदलाबदल केली की झालं." तिने जोड सोडवला, पण डाख द्यायचं सोल्डरिंग आयर्न मुठीकडून सुनेपुढे धरलं. "घे. हा जोड तू दे."

"आई, चुकला तर?"

"चुकला तर ठिणगी पडणार नाही. कळेलच आपल्याला."

बायकोने जोड दिला आणि मी खटका टाकला. आईची कात्री टेबलावरून सरपटत गेली आणि खण्णकन चिकटली. मागोमाग माझी पक्कड, मग भंगारवाल्याच्या हातातल्या किल्ल्या. खटका बंद केला तशी निळी, टपोरी ठिणगी उडाली.

"पुन्हा!" आई लहान मुलीसारखी ओरडली. दोघींनी मला दहादा तरी खटका मारायला लावला.

मग आईने आपलं स्टूल बाजूला सरकवलं, शेजारी सुनेचं मांडलं आणि माझ्याकडे वळली.

"बघत काय बसलास? आता खोकी कोण भरणार?"