सरकलेला बांध

कालोलाइनेने विजेच्या मेनच्या पेटीला पाठ टेकवली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"काका, हात लावायचा नाही."

पाऊलिआसी सभागृहाच्या दारातच थबकला. चर्चचा कारभारी तो. चर्चला जायच्या रिवाजाप्रमाणे कमरेला विणलेली चटई घट्ट बांधलेली, अंगाला खोबरेलाचा वास. शनिवारी तिन्हीसांजेला सभागृहाची वीज तोडायची आणि सोमवारी जोडायची, हा त्याचा नेम. काल पुतणीचं बाळ बघायला शेजारच्या बेटावर गेला, परतायला रात्र झाली, म्हणून नेम चुकला. आज सकाळी येऊन पाहतो तो कोपऱ्यातला कॉम्प्युटर घरघरतोय.

"रविवार आहे, पोरी. समुद्रावर एक होडी नाही. अख्खं टोंगा हातपाय आवरून बसलंय, आणि तुझं हे डबडं राबतंय?"

"ते राबतंय. मी कुठे राबतेय?"

"घोड्याला गाडीला जुंपायचं आणि आपण झाडाखाली बसायचं, म्हणजे झाला वाटतं रविवार!"

एरवी ती हसली असती. आज तिच्या नाकपुड्या थरथरत होत्या. तिने पडद्याकडे बोट केलं. पडद्यावर एक आडवी पट्टी होती, डावीकडून निळी होत आलेली, आणि तो निळा रंग मुंगीच्या चालीने पुढे सरकत होता.

हा कॉम्प्युटर ऑकलंडच्या एका संस्थेने दान म्हणून पाठवलेला. आतल्या डिस्कचे दोन हिस्से करून दिलेले. मोठा हिस्सा संस्थेच्या हिशेबांसाठी, जे इथे कुणी कधी लिहिले नाहीत. धाकटा गावाला. त्या धाकट्यात कालोलाइनेने गावातल्या म्हाताऱ्यांची गाणी भरली. अंगणाअंगणात चटया विणत बसलेल्या बायांसमोर मायक्रोफोन धरून. त्यांतल्या कितीतरी आता पांढऱ्या वाळूखाली पुरलेल्या होत्या, थडग्यांवर गोधड्या अंथरलेल्या. जागा संपली. गाण्यांची दुसरी प्रत ठेवलेली डिस्कची डबी खाऱ्या वाऱ्याने खाल्ली. तिने संस्थेकडे नवी मागितली. उत्तर आलं, नको असलेलं पुसून टाका.

"नको असलेलं!" ती म्हणाली. "कोण नकोय, काका? फिफिता आजी नकोय? 'वाऱ्या, भावाला माझ्या सांग, होडी वाळूत पालथी गं' असं म्हणताना तिचा गळा दाटायचा, तो दाटलेला गळा नकोय? त्या संस्थेचं रान मोकळं पडलंय, आणि आमच्या म्हाताऱ्या एकीच्या मांडीवर एक. दिलं म्हणतात, आणि दिलेल्या घरात आपलंच कुंपण घालून ठेवतात. मी दोन हिश्शांमधला बांध सरकवला. हो, सरकवला. भर दुपारी."

"मग झालं ना? कर बंद."

"बांध सरकवणं सोपं होतं. पण मोकळी जागा गाण्यांच्या अलीकडे निघाली. आता एकेक गाणं उचलून अलीकडे आणून ठेवावं लागतंय, तेव्हा कुठे आवार एक होईल. काल लावलं. वाटलं, सूर्य बुडायच्या आत आटपेल. पण हे यंत्रही म्हातारंच, धापा टाकत चाललंय."

"आणि मधेच वीज गेली तर?"

"अर्धी फिफिता आजी इकडे, अर्धी तिकडे. धड कुणीच नाही."

पाऊलिआसी पट्टीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चूक तुझी आहे. सोमवारी लावायचं होतंस."

"चूक माझी. मग शिक्षा त्यांना का?"

त्याने चटईची गाठ उगाच पुन्हा आवळली.

"देवाला जबाब तू द्यायचास," एवढं म्हणून तो गवतातून चर्चकडे चालू लागला. पाठीमागे वळूनही पाहिलं नाही.

प्रार्थनेला बोलावणारा लाकडी ढोल घुमला. कालोलाइने खुर्चीत बसली. राग अजून कानशिलात ठणकत होता. जबाब मी द्यायचा! पुसून टाका म्हणणाऱ्यांना कुणी विचारत नाही.

दुसऱ्यांदा ढोल वाजला आणि ती ताडकन उठली.

पंखे!

चर्च आणि सभागृहाची वीज एकाच पेटीतून जाई. दोन्हीकडे एकदम भार पडला, त्यात चर्चमधला तिसरा पंखा लागला, की मेन उडे. सैतान तिसऱ्या पंख्यात राहतो, असं गाव म्हणायचं. आपण काकांशी एवढं भांडलो, आणि खरं मागायचं तेच विसरलो. आता भर प्रार्थनेत, या चुरगळलेल्या कपड्यांत धावत जायचं आणि पाद्रीबाबांपुढे ओरडायचं, पंखे लावू नका म्हणून? तिने पेटीवर तळहात ठेवला, जणू दाबून धरलं की वीज थांबणार होती.

खटका काही उडेना.

गवतापलीकडून, चर्चच्या उघड्या खिडकीतून, एका बाईचा आवाज आला.

"अहो कारभारी, पंखे लावा की! उमूच्या भट्टीत पुरल्यासारखं भाजून काढताय!"

"देवाला नाही उकडत, तुलाच बरं उकडतं! हातात विणलेला पंखा आहे ना? हलव."

"आणि माइक? कीबोर्ड?"

"गळा दिलाय ना देवाने?"

कालोलाइने खिडकीशी गेली. चर्चमध्ये हातपंखे फडफडत होते, पाखरांचा थवा उतरावा तसे. छताचे पंखे निश्चल. आणि भिंतीजवळ, पंख्यांच्या बटणांच्या बोर्डाला पाठ टेकवून, दोन्ही हात कमरेवर ठेवून पाऊलिआसी उभा होता. सदरा घामाने अंगाला चिकटलेला.

मग गाणं सुरू झालं. आधाराला सूर नाही, मोठा करायला यंत्र नाही. आधी बायांचे आवाज, मग खालून पुरुषांचे, भरतीचं पाणी खडकाखाली शिरावं तसे. इतकं उघडं गाणं तिने या गावात ऐकलं नव्हतं.

सवयीने तिचा हात मायक्रोफोनकडे गेला. मग तिने पट्टीकडे पाहिलं. आज नवीन काही साठवायला यंत्र मोकळं नव्हतं.

तिने हात मागे घेतला, दुसरा हात त्यावर ठेवला आणि दोन्ही मांडीत घेऊन ती नुसतं ऐकत बसून राहिली.