शेवटची पुसट ओळ

मित्रांनो, मी एक जुने झेरॉक्स मशीन आहे आणि मला वाचता येते. हसू नका. वीस वर्षे ज्याच्या काचेवर लोकांचे कागद पालथे पडले, त्याला चार अक्षरे आली नाहीत तरच नवल! येत नाही ते फक्त बोलता.

माझी सुरुवात साताऱ्यात झाली, एका सरकारी कचेरीत. निवृत्त फौजी पेन्शनचे कागद घेऊन यायचे, माझी प्रत उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "एकदम क्लिअर!" त्या दोन शब्दांवर माझा दिवस आनंदात जायचा. पुढे तिथे नवे मशीन आले आणि सांगलीच्या नाथाजींनी मला लिलावात उचलले.

नाथाजींचे दुकान प्रवेशाचे कागद तपासतात त्या केंद्रासमोर आहे. डिप्लोमा झालेली मुले इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्यासाठी तिथे येतात. जुलैत माझ्यापुढे नुसती जत्रा भरते. नाथाजी माणूस गुणाचा, पण माझ्या बाबतीत हात आखडता घेणारा. अक्षरे उमटवणारा माझा ड्रम झिजला होता आणि प्रतीची शेवटची ओळ पुसट यायची. मेकॅनिक दोनदा बजावून गेला. "एवढा सीझन निघू दे रं," नाथाजी म्हणायचे. असे तीन सीझन निघाले.

गेल्या जुलैत जत तालुक्यातून अपेक्षा आली. सोबत तिचे वडील गुंडा, मेंढरे भावाच्या हवाली करून आलेले. त्यांच्या पिशवीला अजून लोकर चिकटलेली होती. अपेक्षाची मार्कलिस्ट माझ्या काचेवर आली. डिप्लोमा मेकॅनिकल, एक्क्याण्णव टक्के. घरातली पहिलीच इंजिनिअर होणार होती पोरगी. मला फार बरे वाटले.

मग आला नॉन-क्रिमीलेयरचा दाखला. राखीव जागेवर प्रवेश हवा असेल तर तो चालू मुदतीचा लागतो. याच्या तळाशी लिहिले होते, मुदत ३१ मार्चपर्यंत. ती संपून साडेतीन महिने झाले होते! डिप्लोमाला जाताना काढलेला दाखला तो; तीन वर्षांचा डिप्लोमा आणि तीन वर्षांचा दाखला, दोन्ही बरोबरच संपले. घरात ते कुणाच्या ध्यानात आले नव्हते.

मी काय करणार? मी आतला कोरा कागद अडकवला. ओरडायला माझ्याकडे तेवढेच आहे. नाथाजींनी तो ओढून काढला. मी पुन्हा अडकवला.

"आज काय अंगात आलंय ह्याच्या?" नाथाजींनी माझ्या कुशीत एक थाप मारली.

"दमलं आसंल वो," गुंडा म्हणाले. "आमची मेंढरं बी उनाची आशीच आडून बसत्यात."

तिसऱ्यांदा माझा इलाज चालला नाही. प्रत बाहेर पडली आणि नेमकी तीच शेवटची ओळ पुसट आली.

"काका, खालचं नीट दिसत न्हाई," अपेक्षा म्हणाली.

"चालतंय गं. समदं घेत्यात."

"आगं, जात काय बदलती व्हय?" गुंडा हसले. रांग मोठी होती. ती दोघे निघून गेली.

केंद्रातही गर्दीच होती. तिथे प्रतींवर भराभर खुणा झाल्या, आणि पहिल्याच फेरीत अपेक्षाला सांगलीतले हवे ते कॉलेज लागले. गुंडांनी पेढे आणले, एक माझ्या झाकणावर ठेवला. तो पेढा मला जड झाला.

कॉलेजात हजर होताना मूळ दाखला पाहिला गेला. उद्या पाचपर्यंत नवा आणा, नाहीतर जागा गेली, असे उत्तर मिळाले. तहसीलमध्ये पंधरा दिवस सांगितले. दुसऱ्या दिवशी चार वाजता बापलेक आमच्या दुकानात उभी राहिली. अपेक्षाने मूळ दाखला नाथाजींना दाखवून माझ्या काचेवर पालथा ठेवला आणि माझी प्रत त्यांच्यापुढे धरली.

"काका, तुमीच म्हणला हुता, चालतंय."

नाथाजींनी प्रत हातात घेऊन ती पुसट ओळ पाहिली.

"आवं, काय तरी लिवून द्या की," गुंडा म्हणाले. "मशीनची चूक हुती म्हून लिवा. तुमचा शिक्का मारा."

असल्या चिठ्ठीला तिकडे कोण विचारणार, हे नाथाजींना ठाऊक होते. तरी त्यांनी ती लिहिली, दुकानाचा शिक्का मारला, माझे झाकण घाईने लावले आणि दोघांना आपल्या गाडीवर बसवून स्वतः घेऊन गेले. सव्वापाचला तिघे परत आले. चिठ्ठी गुंडांच्या हातात तशीच होती.

"फुडच्या वर्साला बघू," ते म्हणाले. माझ्यासमोर असे म्हणून गेलेली फार थोडी मुले परत आली आहेत. अपेक्षा आता कुपवाडला एका कारखान्यात जाते.

मित्रांनो, आम्हा यंत्रांची दुखणी वेळेवर बघत जा. आणि कागद काचेवर ठेवण्याआधी त्याची शेवटची ओळ वाचत जा, आम्ही वाचली तरी सांगू शकत नाही.

ती चिठ्ठी परत आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, दुकान उघडताच, नाथाजींनी नवा ड्रम बसवून घेतला. चाचणीसाठी मेकॅनिकने झाकण न उघडताच बटण दाबले. आत अपेक्षाचा दाखला तसाच राहिला होता. प्रत बाहेर आली, तळाची तारीख काळीभोर उमटली होती. मेकॅनिकने ती उजेडात धरली आणि म्हणाला, "एकदम क्लिअर!"